चोवीस तासांचं जागरण

शर्यत म्हणजे बघता बघता संपणारी गोष्ट, अशी माझी आयुष्यभराची समजूत. शंभर मीटरची धाव दहा सेकंदांत आटोपते, घोडे दोन-तीन मिनिटांत, आणि आमच्याकडच्या बैलगाड्या तर उडालेला धुरळा खाली बसायच्या आत. त्यामुळे २०१६ च्या जूनमध्ये फ्रान्सला भाच्याकडे गेलो असताना तो म्हणाला, “मामा, मोटारींच्या शर्यतीला जायचंय. शनिवारी दुपारी तीनला सुरू, रविवारी दुपारी तीनला संपणार,” तेव्हा मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. ल मान्स नावाच्या गावी १९२३ पासून ही शर्यत चालते. नियम सोपा : चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापेल ती जिंकली. चालक तिघे, आळीपाळीने बसणारे. गाडी मात्र एकच. पेट्रोल भरणं, चाकं बदलणं, दुरुस्ती, सगळं त्याच चोवीस तासांत. मार्ग साडेतेरा किलोमीटरहून थोडा अधिक, आणि त्यातला बराचसा भाग एरवी गावकऱ्यांच्या रोजच्या वाहतुकीचा रस्ता!

पॅरिसहून आगगाडीने तासाभरात ल मान्स, तिथून ट्रामने थेट मैदान. मुख्य स्टँडमध्ये आमच्या शेजारी सत्तरीच्या पुढचं एक फ्रेंच जोडपं होतं. आजीबाईंच्या पिशवीत पाव, चीज, थर्मास, पांघरूण. आजोबांच्या हातात जाड वही आणि कानाला छोटा रेडिओ. दर तासाला ते वहीत ओळ लिहीत : पुढे कोण, फेऱ्या किती, हवा कशी. भाच्यानं दुभाष्याचं काम केलं तेव्हा कळलं, आजोबा चाळीस वर्षं अशा वह्या लिहीत आहेत.

वहीचं कारण हळूहळू उमगलं. ही शर्यत डोळ्यांनी पाहता येतच नाही. साठ गाड्या आणि आपल्यासमोर रस्त्याचा एवढासा तुकडा. आघाडीची गाडी साडेतीन मिनिटांनी एकदा कानठळ्या बसवत जाते; मधल्या वेळात तिचं काय झालं ते रेडिओवर ऐकायचं, मोठ्या पडद्यावर बघायचं आणि शेजाऱ्याला विचारायचं. अडीच लाखांहून अधिक माणसं एकमेकांना शर्यत सांगत होती.

सुरुवातीलाच धो धो पाऊस. जवळजवळ तासभर साऱ्या गाड्या एका संरक्षक गाडीमागे मुकाट चालल्या, लग्नाच्या वरातीसारख्या. मग खरी झुंज लागली. रात्री दहापर्यंत उजेड होता. अंधार पडल्यावर फक्त दिव्यांचे झोत आणि वळणाआधी लालबुंद होणाऱ्या ब्रेकच्या चकत्या. मला पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या जुन्या रात्री आठवल्या. तिथेही पहाटे तीनच्या सुमारास डुलक्या काढणारे श्रोते आवडता गवय्या बसला की ताठ होत. इथे आजीबाई पांघरुणात झोपल्या होत्या, पण एखाद्या इंजिनाचा सूर बदलला की डोळे न उघडता नवऱ्याला काहीतरी विचारीत.

सकाळी एका गाडीसाठी सारा स्टँड टाळ्या वाजवू लागला. ती पहिल्या दहांतही नव्हती. फ्रेदेरिक सोसे हा तिचा एक चालक. जंतुसंसर्गामुळे त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कापावे लागलेले. त्याच्यासाठी बदलून घेतलेली ती गाडी अखेरीस अडतिसावी आली. ल मान्समध्ये शेवटपर्यंत पोचणं ही जिंकण्याइतकीच मोठी गोष्ट असते, हे मला तेव्हा कळलं असं वाटलं. पुरतं कळायला दुपार उजाडायची होती.

शेवटच्या तासात टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी पुढे होती. चालक जपानचा काझुकी नाकाजिमा, जोडीदार अँथनी डेव्हिडसन आणि सेबास्तियन बुएमी. टोयोटानं १९८५ पासून इथं नशीब आजमावलं होतं. दुसरं येणं वाट्याला आलं, पहिलं कधीच नाही. २०१४ मध्ये आघाडीवर असलेली गाडी पहाटे बंद पडली, तेव्हाही चाकावर नाकाजिमाच होता. मागे पोर्शची दोन क्रमांकाची गाडी, तिच्यात नील जानी. हा स्विस चालक, पण वडील भारतीय. त्यामुळे मी पोर्शच्या बाजूचा, भाचा टोयोटाचा. रात्रभर एकमेकांना चिडवून झालं होतं.

सहा-एक मिनिटं उरली असताना आजोबांचा हात कानातल्या रेडिओवर गेला आणि तिथेच थांबला. नाकाजिमा सांगत होता, गाडीत ताकदच उरली नाही. ती रखडत आली आणि बरोबर आमच्यासमोर, अंतिम रेषेपाशी, उभी राहिली. घड्याळात जेमतेम तीन मिनिटं. पोर्श शेजारून निघून गेली.

मी जिंकलो होतो, पण ओरडावंसं वाटेना. भाचा दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. पडद्यावर टोयोटाचे कारागीर रडत होते. थोड्या वेळानं गाडी कशीबशी पुन्हा चालू झाली, सरपटत एक फेरी पुरी करून आली. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे शेवटची फेरी सहा मिनिटांत पुरी व्हावी लागे. तिला जवळजवळ बारा लागली. टर्बोचार्जरकडून हवा नेणाऱ्या नळीचा एक जोड निकामी झाला होता. अधिकृत निकालात त्या गाडीला क्रमांकच मिळाला नाही.

आजोबांनी वहीत शेवटची ओळ लिहिली. आधी दोन, पुढे ३८४ फेऱ्या. मग त्याखाली पाच, आणि पुढे तेवढ्याच ३८४ फेऱ्या. भाच्यानं म्हटलं, “पण हिची तर नोंद होणार नाही.” ते म्हणाले, “त्यांच्याकडे नाही. मी बघितलंय ना.”

दोन वर्षांनी, १७ जून २०१८ ला, संध्याकाळी साडेसहाला मी पुण्यात भाच्याशी फोनवर बोलत होतो. तिथं दुपारचे तीन वाजले होते. टोयोटाची आठ क्रमांकाची गाडी पहिली आली. ती रेषेपार नेली नाकाजिमानंच. बुएमीही सोबत होता. डेव्हिडसनच्या नशिबी मात्र ते नव्हतं. त्याच्या जागी फर्नांडो अलोन्सो बसला होता. भाचा तिकडे ओरडत होता, आणि या वेळी मीही.

फोन ठेवल्यावर मला त्या आजोबांची आठवण झाली. ते त्या दिवशी स्टँडमध्ये होते की नाही, कुणास ठाऊक. असले, तर डेव्हिडसनचं नाव त्यांनी वहीच्या कडेला कुठेतरी नक्की लिहून ठेवलं असेल.