पबमेडमध्ये सापडलं नाही, म्हणजे?

एखाद्या काढ्याची किंवा तेलाची महती सांगणारा मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो आणि त्याच्या शेवटी एक लिंक असते. लिंकमध्ये 'एनआयएच' आणि 'जीओव्ही' ही अक्षरं दिसतात. पाठवणारा वर बजावतो, 'हे अमेरिकन सरकारनंच मान्य केलंय.' लिंक उघडावी तर ती पबमेडची निघते. अमेरिकन सरकारच्या ग्रंथालयानं इथे एवढंच केलेलं असतं की असा एक लेख छापून आल्याची नोंद ठेवली आहे.

पबमेड ही जैववैद्यकीय लेखांची सूची आहे. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ती चालवते. या सूचीचं मूळ 1879 मधलं. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरनं तेव्हा 'इंडेक्स मेडिकस' ही छापील सूची सुरू केली. 1964 मध्ये ते काम संगणकावर गेलं, 1971 पासून 'मेडलाइन' या नावानं ते दुरून शोधता येऊ लागलं आणि 1997 मध्ये पबमेड जगभर सगळ्यांना फुकट खुलं झालं. आज त्यात 3 कोटी 70 लाखांहून अधिक नोंदी आहेत. नोंद म्हणजे शीर्षक, लेखक, जर्नल, तारीख आणि असलाच तर गोषवारा. अख्खा लेख मात्र त्यात नसतो. तो जिथे छापला गेला तिथे असतो, किंवा 'पबमेड सेंट्रल' या वेगळ्या कोठारात. नावं इतकी सारखी आहेत की थिसिस लिहिणारे रेसिडेंटही दोन्हींची सरमिसळ करतात.

'पबमेडवर आहे म्हणजे तपासलेलं आहे' हा समज सगळ्यांत चिवट. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी 'इंडेक्स्ड' जर्नलमधला पेपर लागतो, त्यामुळे तो आणखी घट्ट झाला आहे. वस्तुस्थिती अशी की पबमेडमध्ये वेगवेगळ्या वाटांनी नोंदी येतात. मेडलाइनमधली 5,200 हून अधिक जर्नल्स तज्ज्ञांची समिती पारखून घेते. पण पारख होते ती जर्नलची. त्यातला प्रत्येक निष्कर्ष कुणी पडताळून पाहत नाही. दुसरी वाट पबमेड सेंट्रलची. अमेरिकन सरकारच्या पैशानं झालेल्या संशोधनाचे लेख तिथे जमा करावे लागतात, मग ते छापणारं जर्नल यथातथा असलं तरी. आणि 2020 पासून काही प्रीप्रिंट्स, म्हणजे समीक्षकांच्या नजरेखालून अजून न गेलेले लेखही, पबमेडमध्ये दिसू लागले. त्यांवर तशी सूचना असते, पण लिंक पुढे ढकलणारा ती वाचत नाही.

मागे घेतलेला लेखही सूचीतून उडवला जात नाही. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 12 मुलांवरचा लेख 'लॅन्सेट'नं 1998 मध्ये छापला आणि 2010 मध्ये मागे घेतला. त्याची नोंद आजही पबमेडमध्ये आहे, लेख मागे घेतल्याच्या ठळक सूचनेसह. मला हे योग्यच वाटतं. नोंदच पुसली असती तर काय मागे घेतलं हेही कुणाला कळलं नसतं.

आता शोधण्याकडे वळू, कारण खरी गडबड तिथे होते. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, कोकणातल्या लाल विंचवाचं. या विंचवाच्या दंशानं हृदय आणि फुप्फुसं कशी कोलमडतात आणि त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध कसं चालतं, हे रायगड जिल्ह्यातून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिलं. त्यांचे लेख 1982 आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे 2011 मध्ये महाडच्या 70 रुग्णांवरची चाचणी 'बीएमजे'मध्ये छापून आली. तिचा निष्कर्ष असा की नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष अशा जोडीनं रुग्ण लवकर सावरतात.

हे सगळं शोधायला बसलेला नवखा माणूस गूगलची सवय घेऊन येतो आणि 'विंचू चावल्यावर लहान मुलाला कोणतं औषध सर्वांत चांगलं' असा अख्खा प्रश्न इंग्रजीत टाकतो. पबमेड 'द', 'ऑफ' यांसारखे किरकोळ शब्द गाळतं आणि उरलेले सगळे शब्द एकाच नोंदीत असावेत अशी अट घालतं. शब्द वाढले की जाळी बारीक होते आणि कामाचे लेख बाहेरच राहतात. त्यापेक्षा 'स्कॉर्पियन स्टिंग' आणि 'प्राझोसिन' एवढंच टाकावं. देवनागरीत टाकून मात्र उपयोग नाही. इतर भाषांतल्या लेखांची शीर्षकंही पबमेड इंग्रजीत भाषांतर करून, चौकटी कंसात टाकून नोंदवतं.

दोनच शब्दांवर भागतं कसं? त्यामागे 'मेश' नावाची शब्दसूची आहे, 1960 पासून चालत आलेली. तिच्यात सुमारे 30 हजार ठरीव संज्ञा आहेत. तुम्ही 'हार्ट अटॅक' लिहिलं तर पबमेड गुपचूप 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही संज्ञाही जोडून घेतं. म्हणून 'अवतरणचिन्हांत टाकलं की नेमकं सापडतं' हा सल्ला जपून घ्यावा. अवतरणचिन्हं दिली की ही जोडणी बंद पडते. शब्दाच्या शेवटी तारांकन दिलं तरी तेच होतं. पबमेडनं तुमच्या शब्दांचं नेमकं काय केलं ते 'अॅडव्हान्स्ड' पानावरच्या इतिहासात उलगडून दाखवलेलं असतं. तिथे फारसं कुणी फिरकत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकायला तिथेच मिळतं.

तरीही मेश सगळं सांभाळून घेईल असं नाही. आपला लाल विंचू जुन्या लेखांत 'ब्यूथस टॅम्युलस' आहे, पुढे 'मेसोब्यूथस टॅम्युलस' आणि अलीकडे 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. प्राणी तोच, बारसं तीनदा. तिन्ही नावं 'ऑर'नं जोडून कंसात टाकावी लागतात. कंस विसरला तर पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं: 'प्राझोसिन अँड स्कॉर्पियन ऑर स्नेक' असं लिहिलं की सापांवरचे यच्चयावत लेख अंगावर येतात. लेखकाच्या नावाचंही तसंच. आडनाव आणि मग आद्याक्षरं, 'बावस्कर एचएस', असं शोधावं. लेखकांची पूर्ण नावं साधारण 2002 पासूनच्याच नोंदींत आहेत. पूर्ण नावानं शोधणाऱ्याला 'लॅन्सेट'मधले मूळ लेखच दिसणार नाहीत, आणि तो समजेल की ते नाहीतच.

'पबमेडमध्ये नाही म्हणजे संशोधनच झालेलं नाही' या समजानं एकदा जीव गेला आहे. 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे रसायन हुंगवण्यात आलं. त्यांतली 24 वर्षांची एक तरुणी फुप्फुसं निकामी होऊन महिन्याभरात दगावली. प्रयोगाआधी पबमेड चाळलं गेलं होतं. पण त्या वेळी पबमेड 1966 च्या मागे जात नव्हतं, आणि या रसायनानं फुप्फुसांना इजा होत असल्याचे लेख 1950 च्या दशकातले होते. ग्रंथालयातल्या छापील सूचींत ते होते. त्या जुलैत सरकारनं हॉपकिन्समधलं माणसांवरचं जवळजवळ सगळं सरकारी अनुदानित संशोधन काही दिवस थांबवलं.

जुन्या छापील सूचींमधल्या नोंदी पुढे पबमेडमध्ये टप्प्याटप्प्यानं आल्या, पण त्यांना बहुतेक गोषवारा नाही. 1975 च्या आधीच्या लेखांना सहसा तो नसतोच, त्यामुळे शोध शीर्षक आणि मेश संज्ञांवरच चालतो. शिवाय भारतातली कितीतरी जर्नल्स, विशेषतः आयुर्वेदाची, पबमेडमध्ये नाहीतच. म्हणून पद्धतशीर आढावा घेणारे एम्बेस, कॉक्रेन लायब्ररी अशा इतर सूचीही धुंडाळतात. चालू असलेल्या किंवा कधीच न छापलेल्या भारतीय चाचण्यांसाठी 2007 मध्ये सुरू झालेली सीटीआरआय ही नोंदवही आहे.

काही समज थोडक्यात उरकतो. यादीत पहिला दिसतो तो लेख सर्वोत्तम नसतो. 'बेस्ट मॅच' ही क्रमवारी तुमच्या शब्दांशी जुळण्यावर ठरते, संशोधनाच्या दर्जावर नव्हे. 'ह्यूमन्स'चा फिल्टर लावला की मेश संज्ञा अजून न चिकटलेले नवे लेख गळतात. 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर तर मी लावूच नका म्हणेन. फुकट मिळतं तेवढंच संशोधन वाचून उपचारांविषयी मत बनवणं धोक्याचं आहे. आधी सगळं शोधावं, लेख मिळवायची खटपट नंतर. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13 हजार जर्नल्स वाचता येतात, तेव्हा आधी कॉलेजच्या ग्रंथपालाला विचारावं. बाहेरच्या वाचकानं नोंदीत दिलेल्या पत्त्यावर लेखकाला सरळ ईमेल करावं. पुष्कळ लेखक पीडीएफ आनंदानं पाठवतात.