लॉस सँटोसची खातेनिहाय चौकशी

तक्रार चार ओळींची होती. 'रूट ६८वर, हार्मनीजवळ, पोलिसाने माझ्या टॅक्सीवर गोळ्या झाडल्या. मी त्याला धडक दिलेली नाही. क्लिप जोडली आहे. टॅक्सी आणि दंडाचे पैसे परत मिळावेत, आणि धडक दिल्याची नोंद काढून टाकावी.'

रस्ता खोटा, गाव खोटं, टॅक्सी खोटी, पोलीसही खोटा. खरी होती ती तक्रार करणाऱ्याची चीड. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा खेळ २०१३मध्ये आला, संगणकावर यायला २०१५ उजाडलं. त्यातलं लॉस सँटोस हे शहर म्हणजे नाव बदललेलं लॉस एंजेलिस. 'फाइव्हएम' नावाच्या सोयीमुळे कुणालाही या शहराची आपली प्रत स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. रॉकस्टार कंपनीने २०२३मध्ये ही सोय बनवणाऱ्या मंडळींनाच आपल्यात सामावून घेतलं. अशा सर्व्हरवर ठरलेली गोष्ट नसते. कुणी डॉक्टर होतं, कुणी मेकॅनिक, कुणी गुंड. माइकवर त्या माणसासारखं बोलायचं, त्याच्यासारखं वागायचं, त्याच्यासारखं घाबरायचंसुद्धा. बंदूक रोखलेली असताना हात वर न करणारा खेळाडू इथे शूर ठरत नाही, नियम मोडणारा ठरतो.

मी अशाच एका सर्व्हरच्या पोलीस खात्यात 'आयए'मध्ये, म्हणजे इंटरनल अफेअर्समध्ये, काम करतो. पगार खेळातल्या डॉलरमध्ये. बहुतेक खेळाडू भारतातले, त्यामुळे रेडिओवर इंग्रजी कोड, गाडीत हिंदी आणि भांडण पेटलं की ज्याची त्याची मातृभाषा. नागरिकांनी पोलिसांविरुद्ध केलेल्या तक्रारी आमच्याकडे येतात. यातली गंमत जुन्या खेळाडूंना लगेच कळते. याच मालिकेतल्या २००४च्या 'सॅन अँड्रियास'मध्ये टेनपेनी हा भ्रष्ट पोलीस अधिकारीच खलनायक होता आणि त्याच्या पथकाचं नाव होतं क्रॅश. लॉस एंजेलिसच्या खऱ्या पोलिसांतल्या टोळीविरोधी पथकाचंही हेच नाव, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रॅम्पार्ट प्रकरणात ते पथक पार बदनाम झालं. ज्या मालिकेने पोलिसांची अशी टर उडवली, तिच्याच खेळात आता पोरं रात्री जागून पोलिसांचे जबाब नोंदवतात.

तक्रार हातात आली की क्लिप नंतर पाहायची. आधी ठरवायचं की तक्रार कुणाविरुद्ध आहे, पात्राविरुद्ध की कळफलकावर बसलेल्या माणसाविरुद्ध. खेळाडूंच्या बोलीत पहिली आयसी, दुसरी ओओसी. ऐकायला सोपं वाटतं, पण आमचा निम्मा वेळ यातच जातो.

लाचेचं प्रकरण घ्या. व्हेस्पुची बीचवर एका हवालदाराने सिग्नल तोडणाऱ्याकडून पाचशे डॉलर घेतले आणि चलन फाडलं नाही. गाडीवाल्याने तक्रार केली. क्लिप पाहिली तर हवालदाराचं काम अप्रतिम होतं. आधी इकडेतिकडे पाहणं, मग 'घरी पोरगी आजारी आहे' असं उगाच सांगणं, मग पैशाचं नावही न काढता गाडीच्या खिडकीवर हात ठेवून उभं राहणं. माणूस म्हणून त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. भ्रष्ट पोलीस रंगवण्याची परवानगी त्याने ॲडमिनकडून आधीच घेतली होती. पात्र म्हणून मात्र त्याने गुन्हा केला होता. म्हणून पात्रावर रीतसर खातेनिहाय चौकशी झाली, बिल्ला काढून घेतला, आणि खेळाडूला आम्ही खासगीत कळवलं की काम झकास झालं. त्यालाही तेच हवं होतं. पकडलं जाणं हा त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग होता.

याच्या उलटं प्रकरण दिसायला क्षुल्लक असतं. एका शिपायाने अटकेत असलेल्या मुलाला 'आवाज फुटला नाही अजून, आईला विचारून आलास का' असं ऐकवलं. ना गोळीबार, ना मारहाण. पण पात्र होतं चाळिशीतला ट्रकवाला. त्याच्या आवाजाची थट्टा झाली नव्हती, माइकमागे बसलेल्या पोराची झाली होती. पात्र असल्या बोलण्याने दुखावत नाही, पोरगा दुखावतो आणि परत येत नाही. माझ्या मते लाचेपेक्षा हा गुन्हा मोठा, आणि त्याची शिक्षा पात्राला करून भागत नाही, ती खेळाडूलाच करावी लागते.

आता पुरावा. बाहेरच्या जगातल्या चौकशी अधिकाऱ्याला हेवा वाटेल इतका पुरावा आमच्याकडे असतो. कुणी कुणावर कुठल्या शस्त्राने गोळी झाडली, कुणाच्या खिशातून काय काढलं, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये आपोआप नोंदलं जातं. बहुतेकांच्या संगणकावर रेकॉर्डिंग चालू असतं. तरीही घोळ होतो, आणि पहिला घोळ घड्याळाचा. मूळ खेळात एक अख्खा दिवस ४८ मिनिटांत संपतो. तक्रारदार लिहितो 'रात्री अकराला'. ते खेळातले अकरा, की भारतातले? लॉग बोलतो जागतिक प्रमाणवेळेत, त्यात साडेपाच तास मिळवायचे. तीन घड्याळं जुळवल्याशिवाय जबाबाला कुणाला बोलवू नये, असा माझा शिरस्ता आहे.

दुसरा घोळ नजरेचा. बॉडीकॅम म्हणतो खरं, पण खेळाडू बरेचदा आपल्या पात्राच्या पाठीमागून, थोडं वरून पाहत असतो. भिंतीआड उभ्या पोलिसाला भिंतीपलीकडचा माणूस दिसतो, कारण कॅमेरा त्याच्या डोक्यामागून कोपऱ्यापलीकडे डोकावतो. अधिकारी जबाबात सांगतो, 'त्याच्या हातात पिस्तूल दिसलं.' दिसलं खरंच. पण ते खेळाडूला दिसलं, पोलिसाला दिसणं शक्यच नव्हतं. अशा वेळी मी क्लिप थांबवतो आणि पात्राचं डोकं कुठे होतं तिथून सरळ रेषा कल्पून पाहतो.

रूट ६८च्या प्रकरणात दोन्ही बाजूंच्या क्लिप आल्या, दोन्ही न कापलेल्या. टॅक्सीवाल्याच्या क्लिपमध्ये तो थांबलेला आहे, पोलीस समोर डाव्या हाताला उभा आहे. काहीतरी बाचाबाची होते, टॅक्सीवाला गाडी जराशी मागे घेतो, उजवीकडे वळवून पळतो. पोलीस दारापासून चांगला दीड हात दूर राहतो. पोलिसाच्या क्लिपमध्ये तीच टॅक्सी सरळ येते, बॉनेट त्याच्या गुडघ्यांवर आदळतं आणि तो रस्त्यावर कोसळतो. एकजण खोटं बोलतोय, असं कुणीही म्हणेल.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. टॅक्सी कुठे आहे हे टॅक्सीवाल्याचा संगणक ठरवतो आणि सर्व्हरमार्फत इतरांना कळवतो. ती बातमी पोहोचेपर्यंत पोलिसाचा संगणक 'गाडी अशीच सरळ जात असेल' असा अंदाज बांधून चित्र काढतो. मधल्या काळात चालकाने स्टिअरिंग फिरवलं तर अंदाज चुकतो. आणि पोलिसाचं पात्र पडायचं की नाही, हे ठरतं पोलिसाच्याच संगणकावर. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पाव सेकंद उशीर झाला की पावणेतीन मीटरचा फरक. त्या पोलिसाचं इंटरनेट त्या रात्री रडत होतं, हे लॉगवरून कळत होतंच. म्हणजे एका जगात धडक झाली आणि दुसऱ्यात झालीच नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' खटल्यात घालून दिलेली कसोटी इथे कामाला येते. बळाचा वापर योग्य होता का, हे मागाहून कळलेल्या गोष्टींवरून ठरवायचं नाही. त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याला काय दिसलं असतं त्यावरून ठरवायचं. पोलिसाला गाडी अंगावर येताना दिसली. मग गोळ्या झाडणं समजण्यासारखं.

पण किती गोळ्या? इथे मी चित्र बंद करून नुसता आवाज ऐकला. पोलिसाच्या क्लिपमध्ये दोन गोळ्या लागोपाठ, मग पडल्याचा आवाज, रेडिओवर अर्धवट वाक्य, आणि त्यानंतर आणखी तीन. टॅक्सीवाल्याच्या क्लिपमध्ये त्या तिन्ही गोळ्यांचा आवाज पाठीमागून येतो आणि मागची काच फुटते. लॉगमध्येही तेच अंतर. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २००५मध्ये, १३ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाल्यावर, चालत्या गाडीवर गोळीबार करण्याचे नियम कडक केले. आमच्या नियमावलीतलं कलम त्याच धर्तीवर आहे: गाडी तुम्हाला ओलांडून गेली की धोका संपला, बंदूक खाली.

अधिकाऱ्याला जबाबाला बोलावलं. आमच्या नमुन्यात कुणीतरी गॅरिटीची सूचना जशीच्या तशी उतरवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या १९६७च्या गॅरिटी निकालानुसार नोकरी जाण्याच्या धाकाने पोलिसाकडून घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. ती सूचना वाचून दाखवली.

"सर, माझ्या स्क्रीनवर गाडी अंगावरच आली. तुम्ही क्लिप बघा ना."

"बघितली. पहिल्या दोन गोळ्यांबद्दल मी विचारतच नाही. नंतरच्या तीन का झाडल्यात?"

बराच वेळ माइकवर फक्त पंख्याचा आवाज. मग, "राग आला होता, सर."

"कुणाला? तुमच्या पात्राला की तुम्हाला?"

"मलाच," तो म्हणाला. प्रामाणिक पोरगा. असं उत्तर फार क्वचित मिळतं.

अमेरिकेतल्या पोलीस खात्यांत तक्रारीचे चार निकाल रूढ आहेत आणि आम्हीही तेच वापरतो. आरोप सिद्ध झाला. सिद्ध किंवा असिद्ध करता आला नाही. कृती घडली पण नियमात बसते. किंवा असं काही घडलंच नाही. दुसरा निकाल सगळ्यांत नावडता. आपल्याला खोटं ठरवलं असं तक्रारदाराला वाटतं, आणि डाग राहिला असं अधिकाऱ्याला. रूट ६८ला आम्ही एकाच तक्रारीचे तुकडे केले. पहिल्या दोन गोळ्या नियमात बसतात. शेवटच्या तीन सिद्ध. अधिकाऱ्याचं शस्त्र काही पाळ्यांपुरतं काढून घेतलं, टॅक्सी आणि पैसे परत दिले. धडकेची नोंद मात्र पुसली नाही. तिथे आता 'दोन्ही क्लिप खऱ्या आहेत' असं लिहिलेलं आहे, आणि टॅक्सीवाला त्यावर अजूनही नाराज आहे.

आमच्या कामातला सगळ्यांत मोठा दोष पुराव्याचा नाही, माणसांचा आहे. ज्याची चौकशी आज करतो त्याच्याच गाडीत उद्या गस्तीला बसायचं असतं. रॉडनी किंगला पोलिसांनी केलेल्या मारहाणीनंतर १९९१मध्ये वॉरन ख्रिस्तोफर यांच्या आयोगाने लॉस एंजेलिस पोलिसांचे कागद चाळले. बळाचा अतिवापर आणि तत्सम वर्तनाच्या सहा किंवा जास्त तक्रारी असलेले ४४ अधिकारी त्यांना सापडले. तक्रारी होत्या, पण एकत्र करून कुणी वाचल्याच नव्हत्या. गस्तीच्या गाड्यांतल्या संगणकांवर पोलीस एकमेकांना काय पाठवत होते, तेही आयोगाने वाचलं, आणि तो मजकूर किळसवाणा होता. हे वाचल्यापासून मी कुठल्याही तक्रारीसोबत त्या अधिकाऱ्याच्या जुन्या तक्रारी, सिद्ध न झालेल्यासुद्धा, आणि आमच्या एमडीटीवरचे, म्हणजे गस्तीच्या गाडीतल्या संगणकावरचे, त्याचे शेरे काढून ठेवतो. रूट ६८च्या पोराच्या नावावर आधी काहीच नव्हतं. तेही अहवालात लिहिलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली, अध्यक्षपदी निवृत्त न्यायाधीश. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४मध्ये. त्यामागचं तत्त्व साधं आहे: खात्याचा निवाडा खात्याबाहेरच्याने करावा. आमच्या सर्व्हरवर निवृत्त न्यायाधीश कुठून आणणार? निदान निकालावर सही करणारा माणूस पोलीस पात्र नसावा, एवढी अट मी लावून धरली आहे. ती अजून मान्य झालेली नाही.

तुम्ही असल्या सर्व्हरवर खेळत असाल आणि कधी पोलिसाविरुद्ध तक्रार करायची वेळ आली, तर एवढं करा. क्लिप कापू नका. भांडणाच्या आधीचं निदान एक मिनिट त्यात असू द्या, आवाज चालू ठेवा, त्यावर गाणं टाकू नका. वेळ लिहाल ती तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची लिहा. आणि तुम्ही स्वतः काय बोललात तेही आधीच सांगून टाका. क्लिपमध्ये ते आम्हाला ऐकू येणारच आहे.