आडसालीची लागण आणि पुण्यातली खोली



या अंकासाठी हुमणीच्या बंदोबस्तावर लेख द्यावा असे ठरले होते. तो पुढच्या अंकी येईलच. परंतु जून महिना लागला की गटागटांतून फिरताना उसाच्या बरोबरीने एक दुसरा प्रश्न बांधावर ऐकू येतो. "साहेब, पोराचा नंबर पुण्याला लागला. आता त्याला ठेवायचं कुठं?" शेतकी पदविका घेतलेल्या माणसाला हे विचारण्यात तसा अर्थ नाही. पण मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कामानिमित्त माझे जाणे-येणे असते, आणि त्या फेऱ्यांत सभासदांच्या मुलांसाठी खोल्या बघण्याचे, डिपॉझिट ठरविण्याचे काम बरेचदा अंगावर आले. त्यातून जे समजले ते येथे देत आहे.

पहिली अडचण पैशाची, आणि त्यातही वेळेची. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश फेऱ्या साधारणपणे जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान चालतात. नेमकी हीच आपल्या आडसालीची वेळ. सरी, बेणे, लागणीचा डोस, मजुरी यांत घरातला पैसा रानात गेलेला असतो आणि पुढचे ऊस बिल कारखान्याचा बॉयलर पेटल्याशिवाय येत नाही. अशा वेळी खोलीवाला दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिट मागतो, चालू महिन्याचे आगाऊ मागतो, आणि मध्ये एजंट असेल तर त्याची दलाली वेगळी. कॉलेजच्या फीची तजवीज माणूस करून ठेवतो, या रकमेची कोणी केलेली नसते. मग सोनाराचे दुकान, नाहीतर हातउसने.

हिशेब टनात करू, म्हणजे लवकर ध्यानात येईल. कॉट बेसिसवर एक कॉट आणि दोन वेळची मेस मिळून महिन्याला दहा हजार धरा. पेठेत जुन्या वाड्यात थोडे कमी, औंध-बाणेरला जास्त. दहा महिन्यांचे लाख रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. टनामागे हातात तीन हजार धरले तर तेहतीस-चौतीस टन लागले. म्हणजे चाळीस टन पडणाऱ्या रानात जवळजवळ एकराचा ऊस मुलाच्या राहण्या-जेवणाला गेला, फी अजून बाजूलाच. (एकरी टनेज वाढवा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो त्याचे एक कारण हेही समजा.) म्हणून माझे सांगणे असे की, जानेवारी-फेब्रुवारीत जे बिल जमा होते त्यातूनच पंचवीस-तीस हजार बाजूला काढावेत आणि जुलैपर्यंत त्याला हात लावू नये. बेणेमळ्याचे रान आपण आधीपासून राखतोच की.

दुसरी गोष्ट. "पुण्याला" म्हणजे नेमके कुठे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली गणेशखिंडीत सुरू झाले. त्याच्या आवारात वसतिगृहे आहेत, पण ती आवारातल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी, आणि तिथेही जागा मोजक्या. आपली बहुतेक मुले विद्यापीठाशी संलग्न अशा कॉलेजांत जातात, आणि ही कॉलेजे वाघोली, कोंढवा, आंबेगाव, आकुर्डी अशी चारी दिशांना पांगलेली आहेत. आपल्या एका सभासदाने पावण्यांच्या ओळखीने कात्रजला खोली घेतली, डिपॉझिट भरले, आणि मुलाचे कॉलेज निघाले आकुर्डीला. रोज बस बदलत जाऊन-येऊन चार तास. मेसच्या वेळेला पोरगा कधी पोचायचाच नाही. दिवाळीला घरी आला तो "मला नाही जमत" म्हणत. बारावीला चांगले मार्क पडलेला मुलगा आज गावात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर चालवण्यात कमीपणा नाही, पण त्याला पुणे जमले नाही असे जे गावात बोलतात ते खरे नाही. त्याला कात्रज ते आकुर्डी जमले नाही.

तेव्हा प्रवेशाच्या कागदावर कॉलेजचा पत्ता असतो तो आधी वाचावा, खोली नंतर. आवारातल्या विभागात नंबर लागला असेल आणि वसतिगृह मिळाले नसेल तर औंध-बाणेरच्या मागे न लागता खडकी, बोपोडी, दापोडी या अंगाला चौकशी करावी. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो २०२४ पासून पूर्ण मार्गावर धावते, त्यामुळे त्या बाजूने शिवाजीनगरला येणे आता सोपे झाले आहे.

खोली बघायला वडिलांनी स्वतः जावे, आणि शक्यतो संध्याकाळी. रान घ्यायचे तर आपण विहिरीला पाणी किती, वाट कुठून, शेजारी कोण हे सगळे बघतो. खोलीलाही तेच लागू. पाणी किती वेळ येते, टँकर लागतो का, एका खोलीत कॉट किती, मोरी कितीजणांत, हे आधीपासून राहणाऱ्या पोरांना विचारावे. मालक सांगणार नाही, पोरे सांगतात. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बऱ्याच मेस बंद असतात, तोही खर्च धरावा.

मोबाईलवर फोटो बघून पैसे मात्र पाठवू नयेत. गेल्या पावसाळ्यात एकाने असे पंधरा हजार पाठवले. गादी-ट्रंक घेऊन बापलेक पत्त्यावर पोचले तर तिथे गॅरेज, आणि एजंटाचा फोन बंद.

करारपत्राकडे आपली माणसे दुर्लक्ष करतात. खोली किंवा फ्लॅट भाड्याने घेताना करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ मध्ये म्हटले आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा होतो. त्यात डिपॉझिटचा आकडा, ते किती दिवसांत परत करायचे, आणि मुलाने मध्येच खोली सोडली तर काय, हे स्पष्ट लिहून घ्यावे. कॉट बेसिसवर करार कोणी करत नाही, पण पावती मागावी. वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलवतो का?

आता मुलींविषयी. २०२४-२५ पासून शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. म्हणजे या घरांत फीची सबब उरली नाही, राहण्याची उरली. आपल्याच एका गटातल्या मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. आई तयार, वडील म्हणाले, "परक्या शहरात पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू?" बघण्यात दिवस गेले, मुदत संपली, जागा गेली. तिच्यापेक्षा कमी मार्कांचा चुलतभाऊ त्याच वर्षी पुण्याला गेला, त्याच्या खोलीची चौकशी कोणी केलीही नव्हती.

वडिलांची काळजी खोटी नव्हती, ती उशिरा सुरू झाली. गावच्या पोराला शिकवायचे तर आधी त्याच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय लावली पाहिजे, हे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढून दाखवले. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात तेच केले. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहायक समिती खेड्यातल्या गरजू मुला-मुलींची वसतिगृहे चालवते. अशा संस्थांचे अर्ज आणि मुलाखती वेळेवर असतात, म्हणून निकालाची वाट न बघता मे महिन्यातच चौकशी करावी. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. तहसीलचा अल्पभूधारक दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. हे पैसे मागाहून खात्यावर येतात, डिपॉझिटच्या दिवशी हातात नसतात, एवढे मात्र लक्षात असू द्या.

कारखान्याने पुण्यात स्वतःचे वसतिगृह काढावे अशी सूचना काही सभासद करतात. तो विषय संचालक मंडळाचा आणि वार्षिक सभेचा. ऊस नोंदी करणाऱ्या माणसाने त्यावर बोलू नये. माझ्या अखत्यारीत होते तेवढे केले आहे. प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. ज्यांची मुले-मुली सध्या पुण्यात राहतात त्यांनी भाग, भाडे, डिपॉझिट परत मिळाले की नाही, मेस कशी, आणि खोली कधी रिकामी होणार हे चिटबॉयकडे लिहून द्यावे. मुलींच्या वसतिगृहांची माहिती वेगळ्या पानावर घ्यायला सांगितली आहे. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा ती वही जरूर मागून बघावी.