कडुलिंबाचा कडूपणा: झाडासाठी संरक्षण, आपल्यासाठी काय?

"डॉक्टर, रोज सकाळी कडुलिंबाचा रस पितो. आता शुगरची गोळी बंद करू का?" दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तरासाठी आधी हा कडूपणा येतो कुठून ते पाहू.

कडू रसायने कशी तयार होतात?
कडुलिंब मुख्यतः लिमोनॉइड नावाच्या रसायनांमुळे कडू लागतो. ही टर्पिनॉइड गटातली रसायने आहेत. झाड ५ कार्बन अणूंचे छोटे तुकडे एकमेकांना जोडते. असे ६ तुकडे जुळले की ३० कार्बनचे स्क्वालीन तयार होते. मग झाडातील एन्झाइम त्याची वलये बनवतात, ४ कार्बन काढून टाकतात आणि ऑक्सिजन जोडतात. यातून निंबिन, अझाडिरॅक्टिन अशी रसायने तयार होतात. आपल्या शरीरातही स्क्वालीन बनते, पण त्यापासून कोलेस्टेरॉल तयार होते.

झाड ती का बनवते?
किडींपासून बचावासाठी. अझाडिरॅक्टिनमुळे कीटक खाणे सोडतात आणि त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. ते सर्वात जास्त निंबोळीच्या बीमध्ये असते, म्हणूनच शेतकरी निंबोळी अर्क फवारतात. याची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की प्रयोगशाळेत ते पूर्णपणे बनवायला २००७ साल उजाडले.

पान वेगळे, तेल वेगळे
गुढीपाडव्याला मोठ्या माणसांनी चार कोवळी पाने खाल्ली तर काळजीचे कारण नाही. पण कडुलिंबाचे तेल लहान मुलांना कधीही पाजू नका. सर्दी-खोकल्यासाठी पाजलेल्या तेलाने बाळांना उलट्या, सुस्ती, झटके आणि बेशुद्धी आल्याची, काही दगावल्याचीही नोंद आहे. चुकून तेल पोटात गेले तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्यांनी तेल, रस किंवा अर्क पोटात घेऊ नये.

मग शुगरचे काय?
कडुलिंबाने साखर थोडी कमी होऊ शकते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पण गोळीत औषध मोजून भरलेले असते, घरच्या रसात किती काय उतरले हे कळत नाही. झाड, ऋतू आणि पानाचे वय यांनुसार ते बदलते. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्यांसोबत रस घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर खा आणि शुगर तपासा.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि रस घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावणार नाही, फक्त डोस ठरवताना ते माहीत असावे लागते.