गोडेतेल, स्पिरिट आणि स्फिंक्स

पुण्याच्या जुन्या बाजारात शिलाई मशीन दोन भावांनी मिळतं. चालत असेल तर मशीनच्या भावाने, नसेल तर लोखंडाच्या. माझं दुसऱ्या भावातलं. चाक जागचं हलत नव्हतं, शटलवरची सरकती पट्टी गायब होती आणि काळ्या अंगावरच्या धुळीखालून एक सोनेरी स्फिंक्स डोकावत होता. विकणारा म्हणाला, "जाम आहे, ताई." खोटं बोलला नाही. पण जाम झालेलं मशीन मेलेलं असतंच असं नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि तेव्हा मलाही.

आधी जन्मदाखला शोधला. सिंगरच्या मशीनच्या पाटावर, चाकाखालच्या बाजूला, क्रमांक ठोकलेला असतो आणि त्याआधीच्या अक्षरावरून कारखाना कळतो. माझ्या सिंगरवर 'वाय' होतं. म्हणजे स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक आणि १९२० नंतरच्या दीड दशकातला काळ. तिथला कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. १९११ साली तिथल्या सुमारे ११ हजार कामगारांनी संप केला होता. आणि दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच कारखान्यातून जवळजवळ १३ लाख मशीनं बाहेर पडली. मनोऱ्यावरच्या घड्याळाची एकेक तबकडी २६ फूट व्यासाची होती. मनोरा १९६३ मध्ये पाडला, कारखाना १९८० मध्ये बंद पडला. गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र आजही 'सिंगर'च आहे.

मुंबईत १९ व्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. हप्त्याने मशीन विकण्याची युक्ती कंपनीने १८५६ मध्येच अमेरिकेत काढली होती. एकरकमी पैसे नसलेल्या घरात मशीन शिरलं ते त्यामुळे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये या एका यंत्राला अपवाद मानलं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी बनवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात आयझॅक सिंगरला अनेक स्त्रियांपासून वीसहून अधिक मुलं झाली, आणि १८५१ च्या त्याच्या पेटंटमागे धंद्याची नजर होती. अपवाद योग्यच होता. नवरा तेवढा चुकीचा निवडला गेला.

आता जाम. माझं मशीन '१२७' जातीचं, म्हणजे गोल बॉबिनऐवजी लांबट बॉबिन आणि बंदुकीच्या गोळीसारखं शटल असलेलं. पेठेतल्या एका शिंपीमास्तरांकडे नेलं. त्यांनी चाकाला हातही लावला नाही. तेलाच्या भोकावर नाक नेलं. "गोडेतेल," ते म्हणाले. मशीनचं तेल संपलं की घरात जे असेल ते घातलं जातं. खोबरेल थंडीत थिजतं. करडई किंवा जवसाचं तेल हवेने सुकून चिकट होतं, पुढे डिंकासारखं घट्ट बसतं. त्यावर सुताचा भुगा आणि धूळ. गंजापेक्षा घरच्या तेलाच्या या मायेनेच जास्त मशीनं अडवली आहेत.

उपाय साधा, पण धीर बघणारा. प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडायचे आणि थांबायचं. रात्रभर. सकाळी चाक किंचित मागेपुढे करून बघायचं, नाही हललं तर पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. "जोर लावायचा नाही. हे बीड आहे, वाकत नाही, तुटतं," मास्तरांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी चाक जेमतेम हलेल इतकं सुटलं. मग दाते उघडून त्यांच्यातला नमद्यासारखा गच्च बसलेला भुगा चिमट्याने उपसला, रॉकेल पुसलं आणि मशीनचं तेल घातलं.

चूक माझी स्फिंक्सच्या बाबतीत झाली. या सोनेरी चित्रांवर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी बोळ्यावर स्पिरिट घेतलं. पाटाच्या कोपऱ्यातली सोनेरी वेल दोन फेऱ्यांत बोळ्यावर आली. आता तिथे निव्वळ काळं आहे. खरं तर मशीनच्याच तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवला असता तरी पुरलं असतं. चकचकीत करण्याच्या हौसेने काय जातं, ते त्या कोपऱ्याकडे पाहिलं की कळतं. लोखंडी पायांवर काच ठेवून कॅफेत टेबल करणाऱ्यांची हौसही त्याच जातीची: पाय राहतात, मशीन भंगारात जातं.

शंभरीला आलेलं मशीन अजून दुरुस्त होतं याचं श्रेय सुईला. त्यात बसणारी पंधरा-बाय-एक क्रमांकाची सुई आजच्या घरगुती मशीनलाही चालते. सिंगरच्याच 'पंधरा' या गोल बॉबिनच्या जातीचा साचा जपानने युद्धानंतर उचलला, कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगची 'उषा'ही त्याच वळणाची, आणि लुधियानात त्याचे सुटे भाग आजही बनतात. माझ्या १२७ ला ते भाग लागत नाहीत. शटल आणि सरकती पट्टी जुन्या बाजारातच हुडकावी लागली. स्क्रूचे आटेही सिंगरचे स्वतःचे. एक हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात त्याचा जोड नाही, म्हणून उघडलेला प्रत्येक स्क्रू मी वाटीत ठेवत होते.

सगळं जोडलं, नवी वादी चढवली, तरी टाका पडेना. खालून नुसती गुंतवळ. ताण कमी केला, वाढवला, शटल दोनदा काढलं. शेवटी पुन्हा मास्तर. त्यांनी चष्मा वर सरकवला, सुई उपसली, तिची चपटी बाजू फिरवून परत बसवली आणि जुन्या धोतराचा तुकडा दात्यांवर ठेवून पायटा दाबला.

"सुई उलटी होती, ताई," ते म्हणाले आणि धोतराच्या काठापर्यंत शिवत गेले.