दगड न फोडता त्याची तब्येत कशी तपासतात?

माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून बघतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. जुन्या लेण्यांचा दगड तपासण्यामागेही हीच कल्पना आहे, फक्त टिचकीच्या जागी यंत्रं आली आहेत.

वेरूळचं कैलास लेणं घ्या. ८व्या शतकात बेसाल्टच्या एका अखंड कड्यातून ते कोरलं. इथे नमुना काढायचा म्हणजे मूळ कोरीवकामच फोडायचं! म्हणून अशा ठिकाणी पुढच्या पद्धती उपयोगी पडतात.

१. अल्ट्रासाउंड: खांबाच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते मोजायचं. समजा खांब ६० सेंटीमीटर जाड आहे. लहर १२० मायक्रोसेकंदांत पोचली तर वेग सेकंदाला ५ किलोमीटर, म्हणजे दगड घट्ट. २४० मायक्रोसेकंद लागले तर वेग निम्मा. आत भेगा किंवा पोकळ्या असाव्यात, कारण लहरीला त्यांना वळसा घालून जावं लागतं.

२. थर्मल कॅमेरा: कैलास वरून उघडं आहे, त्यामुळे काही भागांवर ऊन पडतं. दगडाचा पापुद्रा सुटला असेल तर त्याच्या मागे हवा अडकते. उष्णता आत जात नाही आणि तो भाग लवकर तापतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरक कॅमेऱ्यात रंगाने दिसतो.

३. कार्स्टन नळी: खुणा केलेली काचेची नळी पुटीने दगडाला चिकटवून त्यात पाणी भरायचं. पाणी जितकं भराभर उतरेल, तितका पृष्ठभाग सच्छिद्र.

आता एक मेख आहे. भिजलेल्या सच्छिद्र दगडातून ध्वनी जास्त वेगाने जातो, कारण छिद्रांत हवेऐवजी पाणी असतं. म्हणजे पावसाळ्यात मोजलं तर खराब दगडही ठणठणीत वाटेल! शिवाय आपल्या बेसाल्टच्या काही थरांत लाव्हा थंड होतानाचेच बुडबुडे असतात. तिथे वेग मुळातच कमी असतो, त्याला झीज म्हणता येत नाही.

म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये असं मला वाटतं. त्याच थरातल्या चांगल्या दगडाशी तुलना करावी, दोन-तीन पद्धती जुळवून पाहाव्यात आणि त्याच जागी, कोरड्या दिवसांत, काही वर्षांनी पुन्हा मोजावं. आकडा घसरत असेल, तर पापुद्रा गळून पडायच्या आधी उपाय करायला वेळ मिळतो.