किल्ली कुणाकडे?

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. नोकरीत असल्यापासून गावोगावी हिंडून म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्याचा त्यांना छंद. आधी वह्या भरल्या, मग कॅसेटी. आणि मुलीने लॅपटॉप घेऊन दिल्यावर हे सारे भांडार त्यांनी त्यात साठवले. पावसाळ्यात तो लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला, यंत्र सुरूही झाले. पण पडद्यावर नेहमीचे चित्र येईना. निळ्या पाटीवर एकच मागणी : ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ द्या. गुरुजींना आपला पासवर्ड पाठ होता, पण तो टाइप करायला तिथे जागाच नव्हती. “अहो, मी कुलूप लावलेच नाही, तर किल्ली कसली मागता?” हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे, आणि तो आज हजारो घरांतून विचारला जातो. कुलूप खरोखरच लागलेले असते. फक्त ते लावल्याचे मालकाला ठाऊक नसते.

पूर्वी संगणकाचा पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी होती. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की आतला मजकूर कुणालाही वाचता येई. लॅपटॉप रेल्वेत विसरला, चोरीला गेला, तर बँकेचे कागद, रुग्णांचे अहवाल, घरचे फोटो सारेच उघड्यावर. यावर उपाय म्हणून डिस्कवरचा प्रत्येक शब्द गुप्त लिपीत लिहून ठेवण्याची पद्धत आली. विंडोजमध्ये ती २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ‘बिटलॉकर’ या नावाने आहे. तिची मूळ किल्ली साधारणपणे १२८ बिटांची, म्हणजे शक्यतांची संख्या लिहायला ३९ आकडे लागतील इतकी. एकेक किल्ली लावून पाहणे माणसाच्याच काय, यंत्राच्याही आयुष्यात बसणारे नाही.

पहारेकऱ्याचा संशय

मग रोज ही किल्ली कोण लावतो? मदरबोर्डवर ‘टीपीएम’ नावाची एक चिप असते. संगणक सुरू होताना ती सगळे ओळखीचे आहे ना, याची खातरजमा करते. सारे जागच्या जागी असेल, तर ती मुकाट्याने किल्ली देते आणि आपल्याला काही कळतही नाही. पण बायोस अद्ययावत केले, ‘सिक्युअर बूट’ची मांडणी बदलली, डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली, की या पहारेकऱ्याला संशय येतो. मदरबोर्डच बदलला तर जुना पहारेकरी जागेवरच नसतो. नवा मालकाला ओळखत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी ही तऱ्हा. पण चोर कोण आणि संन्याशी कोण, हे चिपने कसे ओळखावे?

अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला, की ही व्यवस्था आपोआप सुरू होते. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून तर ती आणखी यंत्रांवर लागू झाली. कुलूप कंपनीने लावले. किल्ली कुठे टांगली, हे सांगणारी सूचना आपण न वाचताच ‘पुढे’ म्हटले.

याचे मोठे प्रात्यक्षिक १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज तसा साधा होता : एक फाइल काढून टाकायची. पण ज्या यंत्रांची डिस्क कुलूपबंद होती, तिथे बहुतेक वेळा आधी प्रत्येकाची वेगळी ४८ आकडी किल्ली हवी. आणि त्या किल्ल्यांची यादी ज्या संगणकावर ठेवली, तोच आडवा झालेला असेल तर?

अडल्यावर काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे घाईने फॉरमॅट करू नये. दुरुस्तीवाला “सगळे पुसून नवे टाकून देतो” म्हणाला, तर हात जोडून थांबवावे. पुसलेले परत येत नाही. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, तो टिपून घ्यावा. मग दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन त्याच क्रमांकाची किल्ली शोधावी. यंत्र कार्यालयाचे असेल तर किल्ली बहुधा तिथल्या संगणक विभागाकडे असते. कधी ती छापलेल्या कागदावर, कधी पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये सापडते. टाइप करताना घाबरू नये. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे आकडा चुकला तर बहुधा तिथेच कळते.

किल्ली लागूनही दर वेळी तीच मागणी होत असेल, तर आत गेल्यावर संरक्षण तात्पुरते स्थगित करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे चिप नव्या मांडणीशी ओळख करून घेते. बायोस बदलण्याआधीच असे स्थगित केले, तर प्रसंगच येत नाही. डिस्क खराब झाली असेल, तर विंडोजमधील ‘रिपेअर-बीडीई’ हे साधन वाचेल तेवढा मजकूर दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्कवर उतरवू पाहते. किल्ली मात्र त्यालाही लागतेच. कुलूप कायमचे काढायचे असेल, तर आधी मजकुराची प्रत घ्यावी, चार्जर लावावा आणि धीर धरावा; मोठ्या डिस्कला तास न् तास लागतात.

आणि किल्ली कुठेच नसेल तर? मग मायक्रोसॉफ्टलाही ती नव्याने करून देता येत नाही. आतला मजकूर डोळ्यांसमोर असूनही गेला असे समजायचे.

गुरुजींच्या खात्यात किल्ली नव्हती. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागले नाही. ज्या बायांनी त्या ओव्या गाइल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. जुन्या कॅसेटींना बुरशी चढलेली. अखेर कुणीतरी विचारले, “लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कोणी करून दिला होता?” लेकीने. परदेशातल्या तिला फोन लागला. किल्ली तिच्या खात्यात होती. ती एकेक गट वाचत गेली, गुरुजी चष्मा सावरत टाइप करत गेले. आठवा गट संपला आणि यंत्र उघडले.

त्या दिवशी गुरुजींनी दोन कामे केली. साऱ्या ओव्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून पुतण्याकडे ठेवायला दिली. आणि ते ४८ आकडे वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवले. बायकोला जवळ बोलावून जागाही दाखवली. आपल्या घरातल्या लॅपटॉपची किल्ली आज कुणाकडे आहे, हे वाचकांनीही एकदा पाहून घ्यावे. यंत्र चालू आहे, तोवरच ते पाहून ठेवलेले बरे.